पाऊस बाहेर, माळी घरात

जुलै. चार दिवस झड लागलेली. बाल्कनीत पाऊल टाकलं की पाठ भिजते आणि ओल्या कुंडीत खुरपं घातलं की मातीचा चिखल होतो. तो वाळला की वीट. अशा वेळी बागवेडा माणूस काय करतो? घरातल्यांच्या डोक्यावर बसतो. त्यापेक्षा ही घ्या थोडी बैठी कामं आणि त्यांच्या सोबतीला थोड्या गप्पा.

बाटलीतलं हवामान खातं

सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेलं नरसाळं उलटं करून तिच्यावरच बसवा, बाहेरून पट्टी चिकटवा. बुडाच्या खाचा भरून निघतील इतकं पाणी आधी ओता, म्हणजे शून्य कुठे ते ठरतं. बाटली जाड की बारीक याने काही फरक पडत नाही. पट्टीवर जितके मिलिमीटर चढले, तितका पाऊस.

आता गंमत. १२ इंची कुंडी उघड्यावर असेल आणि १०० मिमी पाऊस पडला, तर तिच्या तोंडात सुमारे सात लिटर पाणी पडतं. तुम्ही परवाच घातलेलं खत त्या पाण्याबरोबर खालच्या भोकातून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर. झडीत खत घालू नये, ते एवढ्याचसाठी.

आणि दुसऱ्या गावच्या आकड्यावर विसंबू नका. दुसरं गाव कशाला, दुसऱ्या उपनगराच्याही नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला पाऊणशेच्याही आत. मुंबई एकच.

बियांचा खण

प्रत्येक बागवाल्याच्या घरात एक खण असतो. त्यात अर्धवट पुड्या, रबरबँड, औषधाच्या रिकाम्या डब्या आणि 'भेंडी??' असं लिहिलेली एक चिठ्ठी. माझ्या खणातली चिठ्ठी जेल पेनाने लिहिलेली होती. सर्द हवेत अक्षरं अशी पसरली की भेंडी कुठली आणि गवार कुठली, ते शेवटी बिया तळहातावर घेऊन ठरवावं लागलं. भेंडीचं बी गोल, मिरीपेक्षा जरा मोठं. गवारीचं चपटं, राखाडी. तेव्हापासून पेन्सिल. पेन्सिल ओलाव्याला दाद देत नाही.

बियांना मारते ती ओल. बीवाल्यांचा एक ठोकताळा आहे: बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून बिया चांगल्या वाळवा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि मग फ्रिजमध्ये. दारातल्या कप्प्यात मात्र नको, तो दिवसातून पन्नासदा उघडतो.

जुनं बी उगवेल की नाही? पेरून वाट पाहायची गरज नाही. आपले सोयाबीनवाले शेतकरी पेरणीआधी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडतात, गुंडाळी करतात आणि काही दिवसांनी मोड मोजतात. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं, कमी असतील तर पेरताना हात सैल सोडायचा. आपण दहा बिया ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळू, तेवढ्यानेही कळतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी घरातच सांभाळली. लोक त्यांना बीजमाता म्हणू लागले, २०२० साली पद्मश्रीही जाहीर झाली. आपल्या खणाकडे जरा आदराने बघा.

चिकाटीत मात्र अमेरिकेतल्या विल्यम बील यांना तोड नाही. बी जमिनीत किती वर्षं जगतं हे पाहण्यासाठी त्यांनी १८७९ साली मिशिगनमध्ये वीस बाटल्या पुरल्या. प्रत्येकीत २१ जातींच्या पन्नास-पन्नास बिया. पुढच्या पिढ्या ठरल्या वर्षी एकेक बाटली काढतात, तीही अंधारात, बियांवर उजेड पडू नये म्हणून. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या. शेवटची निघेल २१०० साली.

लोणच्याच्या बरणीतलं जंगल

नॅथॅनियल वॉर्ड हे लंडनचे डॉक्टर. कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे मरत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंगाऐवजी लक्ष वेधून घेतलं ते मातीतून आपसूक उगवलेल्या इवल्याशा नेच्याने आणि गवताने. दोघं त्या बंद बाटलीत जवळजवळ चार वर्षं जगले. पाणी वाफ होऊन काचेला लागे आणि तिथून परत मातीत. मग वॉर्ड यांनी काचेच्या पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये रोपं भरून जहाजाने थेट सिडनीला पाठवली. ती जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली, तीही अशाच पेट्यांतून. म्हणजे आत्ता खिडकीशी बसून भज्यांबरोबर जो चहा चाललाय, त्याच्या गोष्टीत ही बाटली आहे.

आपल्याकडे लोणच्याची रिकामी बरणी असते. तळाला खडे, त्यावर कोळशाचे तुकडे, मग माती. शेवाळ विकत कशाला? जुलैत सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर ते मखमलीसारखं फुकट पसरलेलं असतं आणि नेचे तर ड्रेनेजच्या पाइपालाही फुटतात. बरणी उन्हात ठेवू नका, आतलं सगळं उकडून निघेल.

घड्याळ लावून वेल

घेवड्याचा वेल वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो. उलटा गुंडाळून बघा, शेंडा पुन्हा आपल्याच वळणावर जातो. बिअरमध्ये घालतात तो हॉप्सचा वेल मात्र घड्याळाप्रमाणे. आजारपणात खोलीत अडकलेल्या चार्ल्स डार्विनने हॉप्सची कुंडीच खोलीत घेतली आणि वेळ मोजली: उन्हाळ्यात शेंड्याची एक फेरी सरासरी २ तास ८ मिनिटांत. खिडकीच्या काचेवर मार्करने दर अर्ध्या तासाला ठिपका काढला तर तुम्हालाही मोजता येईल.

पत्री आणि इस्त्री

गणपतीच्या एकवीस पत्रींपैकी किती ओळखता? दूर्वा, बेल, तुळस इथपर्यंत गाडी जोरात जाते. डोर्ली, मरवा, विष्णुक्रांता आली की थांबते. यंदा एकेक पान मिळेल तसं वर्तमानपत्रात दाबून ठेवा, वर शब्दकोश. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी. मी कागदांना इस्त्री करून कोरडे करते. इस्त्री केलेलं वर्तमानपत्र पाहून घरी आलेले पाहुणे काही बोलत नाहीत, फक्त एकमेकांकडे बघतात.

गांडुळांची मैफल

पुन्हा डार्विन. मातीच्या कुंड्यांत गांडुळं घालून त्याने त्या घरात ठेवल्या. त्यांच्यासमोर शिट्टी वाजवली, 'बसून' वाजवला (हे वाद्य आहे, बसायची तऱ्हा नव्हे), शेजारी पियानो दणदणवला. गांडुळं ढिम्म. पण कुंडी पियानोवरच ठेवून एक सूर मारला, तशी ती सुर्रकन बिळात. ऐकू येत नाही, हादरा कळतो. खाण्यात कोबीच्या पानांपेक्षा गाजराचा पाला आवडतो, हेही त्याने नोंदवलं. १८८१ साली यावर त्याचं पुस्तक आलं, त्याचं शेवटचं.

आमच्याकडे पियानो नाही, मिक्सर आहे. गांडूळखताचा डबा ओट्यावर मिक्सरशेजारी ठेवून बघायचा माझा विचार आहे. सासूबाईंना अजून विचारलेलं नाही.