आज्ञावलीची निर्गम-स्थिती आणि हुक स्क्रिप्ट : डीएचसीपी क्लायंटच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकास जाळ्यात स्वतंत्र अंकीय पत्ता असावा लागतो. तो हाताने भरण्याचे काम डीएचसीपी या नियमावलीमुळे वाचले. मार्च १९९७ मध्ये आरएफसी २१३१ या दस्तऐवजाने तिचे आजही प्रचलित असलेले स्वरूप निश्चित केले. सर्व्हर ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो. या मुदतबंद कराराला लीज म्हणतात.

लिनक्स व युनिक्स प्रणालींवर दीर्घकाळ वापरला गेलेला आयएससी या संस्थेचा डीएचक्लायंट हा प्रोग्रॅम सर्व्हरशी बोलणी करतो. परंतु मिळालेला पत्ता यंत्रावर स्वतः बसवीत नाही. ते काम तो डीएचक्लायंट-स्क्रिप्ट या शेल आज्ञावलीकडे सोपवितो. तिचे मूळ लेखन टेड लेमन यांचे होय. या दोघांमधील संवाद कसा चालतो आणि तो कोठे बिघडू शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एका अंकाची साक्ष

क्लायंट स्क्रिप्टला पुष्कळ काही सांगतो. तिला का बोलाविले हे ‘रीझन’ या चलात असते : बाउंड म्हणजे नवी लीज, रिन्यू म्हणजे नूतनीकरण, एक्सपायर म्हणजे मुदत संपली. पत्ता, राउटर, नामसेवक हेही चलांतूनच पोहोचतात. उलट दिशेने मात्र केवळ एक अंक परत येतो. त्यास एक्झिट स्टेटस, म्हणजेच निर्गम-स्थिती, म्हणतात. शून्य म्हणजे काम फत्ते, अन्य कोणताही अंक म्हणजे अपयश. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास हा संकेत उलटा वाटेल. पण यश एकाच प्रकारचे असते व अपयशाचे प्रकार अनेक, हे लक्षात घेतल्यास तो रास्त ठरतो.

हुकचे स्थान

मूळ स्क्रिप्टला हात न लावता स्थानिक गरजेचे काम जोडता यावे, म्हणून दोन जागा ठेवल्या आहेत. आरंभी एंटर-हुक व शेवटी एक्झिट-हुक चालतो. एक्झिट-हुकला ‘एक्झिट_स्टेटस’ या चलातून मुख्य कामाचा निकाल कळतो. इतकेच नव्हे, तर तो निकाल बदलण्याची मुभाही त्यास असते. हुक वेगळी प्रक्रिया म्हणून चालत नाही, तो त्याच शेलमध्ये वाचला जातो. म्हणून त्यातील चले सामाईक असतात आणि त्यात ‘एक्झिट’ ही आज्ञा लिहिल्यास संपूर्ण स्क्रिप्टच तेथे थांबते. हुक चालविणाऱ्या फलनाने याच नावाचे स्थानिक चल घोषित केले असेल, तर हुकने केलेला बदल बाहेर पोहोचतच नाही.

खरा धोका येथे आहे. बाउंड प्रसंगी शून्येतर अंक परत आल्यास क्लायंट त्याचा अर्थ ‘हा पत्ता दुसरे यंत्र वापरीत आहे’ असा घेतो, सर्व्हरला नकाराचा संदेश पाठवितो व लीज टाकून देतो. समजा, हुकला केवळ नोंदवहीत एक ओळ लिहावयाची होती आणि डिस्क भरल्याने ती लिहिता आली नाही. हे क्षुल्लक अपयश त्याने ‘एक्झिट_स्टेटस’मध्ये घातले, तर निर्दोष पत्ता नाकारला जातो. सर्व्हर तो बाजूला काढतो. हेच पुन्हा पुन्हा घडल्यास पत्त्यांचा साठा आटतो आणि दोष मात्र केबलला दिला जातो.

याउलट, हुकने डोळे झाकून शून्य लिहिणेही तितकेच घातक. सातपुड्यातील मोलगी येथील एखादी प्रयोगशाळा कल्पावी. वीज गेली व परत आली. संगणक सुरू झाले, पण डीएचसीपी सर्व्हर अद्याप बंदच आहे. जुन्या लीजची मुदत मात्र शिल्लक आहे. अशा वेळी क्लायंट ‘टाइमआउट’ हे कारण देऊन स्क्रिप्टला बोलावितो. जुना पत्ता तात्पुरता बसवून राउटरला पिंग करावे, उत्तर आले तर शून्य परत करावे, अन्यथा दुसरा अंक, अशी अपेक्षा असते. शून्य मिळाल्यास सर्व्हरविनाही काम चालू राहते. राउटरही बंद असताना हुकने शून्य लिहिले, तर क्लायंट जोडणी झाल्याचे गृहीत धरून बसतो.

आयएससीने या क्लायंटची देखभाल २०२२ मध्ये थांबविली. जेथे तो अद्याप चालू आहे, तेथे हुक लिहिताना स्वतःच्या चुकांसाठी वेगळ्या नावाचे चल वापरावे, बाहेर पडण्यासाठी ‘एक्झिट’ऐवजी ‘रिटर्न’ लिहावे आणि ‘एक्झिट_स्टेटस’ला पत्त्याच्या ग्राह्यतेचा प्रश्न असेल तेव्हाच हात लावावा.