बुरशीचे औषध, नीलगिरीचे तेल : उपयोग जाणा, धोकाही ओळखा

पावसाळ्यात आपल्या घरांत दोन वास हमखास येतात. एक ओल्या भिंतीवरच्या बुरशीचा, दुसरा सर्दीसाठी काढलेल्या नीलगिरीच्या तेलाचा. पहिला नकोसा, दुसरा हवासा. पण दोन्हींत उपयोग आहे आणि दोन्हींत धोकाही आहे. म्हणून या वेळी आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

मातीत, कुजक्या पाल्यात वाढणारी बुरशी आपले अन्न शरीराबाहेरच पचवते. ती एन्झाइम म्हणजे पाचक द्रव्ये सोडते, पाला विरघळवते आणि मग शोषून घेते. हाच गुण माणसाने कामी आणला. जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १८९४ साली अमेरिकेत, अ‍ॅस्परजिलस बुरशीपासून पिष्ट पचवणारे डायस्टेज मिळवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आजही पचनाच्या काही औषधांच्या बाटलीवर ‘फंगल डायस्टेज’ असे छापलेले असते.

मग बुरशी लागलेले खाल्ले तर चालेल का? मुळीच नाही. कारखान्यात निवडक जात वाढवून तिचे एन्झाइम शुद्ध करतात. त्याच कुळातली दुसरी बुरशी ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. त्याने यकृताचा कर्करोग होऊ शकतो. भाजून किंवा शिजवूनही ते पूर्ण जात नाही. पैसे मोजून आणलेले टाकताना जीव तुटतो, हे आम्ही जाणतो. म्हणून दाणे थोडेच आणावेत, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावेत. कूट करण्याआधी निवडावेत. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे फेकून द्यावेत.

आता नीलगिरी. हे तेल पानांतून वाफेच्या साहाय्याने काढतात. त्याच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. पण तेच पोटात गेले तर विष ठरते. चहाच्या एका चमच्याएवढ्या तेलानेही लहान मुलाला फिट येऊ शकते, शुद्ध हरपू शकते. कापराचेही तसेच. पांढरी वडी खडीसाखर समजून मूल तोंडात टाकते. म्हणून :

• तेलाची बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नका. घाईत चूक होते.
• कापूर आणि तेल मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.
• तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला यांतले काही लावू नका.

मुलाच्या पोटात गेलेच, तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. त्रास दिसण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. ‘बाहेरचे’ झाले म्हणून अंगारा-धुपारा करत बसू नका. त्यात जाणारा वेळ मुलाच्या जिवाचा असतो.