लाईट गेली की रेंज का जाते? टॉवरच्या पायथ्याशी दडलंय उत्तर

सातारा/सांगली : पावसाळ्यात पाटणच्या डोंगरात लाईट गेली की पहिले काही तास फोन लागतो, मग एकदम रेंज गायब. जतकडे वळवाच्या पावसात तारा तुटल्या की तीच गत. टॉवर तर जागेवर उभा दिसतो, मग बिघडतं काय? बहुतेक वेळा पायथ्याची बॅटरी संपलेली असते.

एका कंपनीचा साधा टॉवर साधारण तीन एचपीच्या मोटारीएवढी वीज खातो, पण ती त्याला चोवीस तास लागते. म्हणून महावितरणच्या लाईटशिवाय बॅटरी आणि डिझेल जनरेटर ठेवतात. मोठा जनरेटर एवढ्याशा कामासाठी रात्रभर चालवणं म्हणजे ट्रॅक्टर चालू ठेवून त्यावर एक बल्ब लावण्यासारखं. डिझेल जातं, इंजिनात काजळी धरते. त्यात डिझेल आणि बॅटऱ्यांची चोरी वेगळीच.

यावर तोडगा म्हणजे हायब्रीड यंत्रणा. सौर पॅनल, बॅटरी, लाईट आणि जनरेटर एका कंट्रोलरला जोडलेले असतात. ऊन असेल तोवर पॅनल टॉवर चालवतं, उरलेली वीज बॅटरीत जाते. लाईट नसेल तर रात्री बॅटरी. ती ठरलेल्या पातळीखाली गेली तरच जनरेटर सुरू होतो, पूर्ण ताकदीनं बॅटरी भरतो आणि बंद होतो. स्वीडनच्या फ्लेक्सेनक्लोजर कंपनीनं अशीच यंत्रणा आफ्रिकेतल्या टॉवरसाठी बनवली. आपल्याकडेही केंद्राच्या दूरसंचार विभागानं 2012 मध्ये आदेश काढला होता : 2015 पर्यंत ग्रामीण भागातले 50 टक्के आणि 2020 पर्यंत 75 टक्के टॉवर हायब्रीड विजेवर आणायचे.

मग वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या असताना खालच्या गावात अंधार का, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण या पवनचक्क्या ग्रीडला जोडलेल्या आहेत. ग्रीडची लाईन बंद पडली की वारा कितीही सुटला तरी त्या वीज देऊ शकत नाहीत. सौर पॅनलचंही एक आहे, आषाढात ढगाखाली ते निम्मंसुद्धा काम करत नाही. त्यामुळे पाटण-जावळीत बॅटरी मोठी पाहिजे, जत-आटपाडीत पॅनलवर जास्त भर देता येतो. दोन्हीकडे एकच माप चालणार नाही.

टॉवरच्या पुढे डेटा सेंटर येतं. आपण मोबाईलवर सातबारा उघडतो, तो अशाच ठिकाणच्या कॉम्प्युटरवरून येतो. तिथंही लाईट गेली की बॅटरी, मग जनरेटर, हाच क्रम. आता ही सेंटर तयार खोल्यांच्या रूपातही मिळतात. कारखान्यातच एसी, बॅटरी, वायरिंग बसवून, तपासून खोली ट्रेलरवर आणायची आणि काँक्रीटच्या ओट्यावर ठेवायची. फ्लेक्सेनक्लोजर हेही बनवायची.

ओट्याची उंची कृष्णाकाठानं तर बघितलीच पाहिजे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली, पलूस, वाळव्याकडची गावं पाण्यात होती. पाणी पायथ्याच्या पेटीत शिरलं की बॅटरी कितीही मोठी असून उपयोग नाही. गावात नवीन टॉवर येत असेल तर ग्रामसभेत भाड्याच्या आकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या : लाईट नसताना बॅटरी किती तास चालणार आणि ओटा पूररेषेच्या किती वर आहे.