मास्क नाकावर, त्रास डोक्याला

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या एस.टी. स्टँडमागे खानावळ चालवणाऱ्या मावशी दवाखान्यात आल्या, त्या भाजलेला हात दाखवायला. चपात्या भाजता भाजता डुलकी लागली आणि पंजा तव्यावर टेकला. मी मलमपट्टी करत होतो, पण मनात विचार भाजण्याचा नव्हता. मावशींना झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे हे मला ठाऊक होते. दीड वर्षापूर्वी मीच त्यांना सोलापूरला तपासणीसाठी पाठवले होते. त्यांच्या मुलाने हप्त्यावर सीपॅप मशीनही आणले होते. त्यानंतर प्रत्येक भेटीत मी विचारत असे, ‘‘मावशी, मशीन लावता ना?’’ त्या म्हणत, ‘‘लावते की.’’ तेवढ्याने माझे समाधान होई आणि मी रक्तदाबाच्या गोळ्यांकडे वळे.

पण मशीन रोज लागत असेल तर भर दुपारी तव्यासमोर डुलकी कशी लागेल? मी मुलाला मशीन घेऊन बोलावले. या मशीनमध्ये वापराच्या तासांची नोंद राहते. दीड वर्षात एकूण ३१ तास!

मावशी ओशाळल्या. ‘‘खोटं बोलले डॉक्टर. पण ते डोक्याला असं आवळतंय, की नारळ फोडायला धरल्यासारखं वाटतं. सकाळी नाकावर वण, गालावर वळ. गिऱ्हाईकं विचारतात, मावशी कुणी मारलं का? आणि केस तर रोज पट्ट्याला अडकून निघतात. ठेवलं पेटीत.’’

खोटे त्या बोलल्या हे खरे, पण चुकीचा प्रश्न दीड वर्ष मी विचारत होतो. ‘‘लावता ना?’’ असे विचारले की आपल्याकडचा रुग्ण डॉक्टरचा मान राखून ‘‘हो’’च म्हणतो. ‘‘लावून दाखवा’’ असे मी एकदाही म्हटले नव्हते.

ज्या वाचकांना या मशीनची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट मिटते, माणूस दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ श्वासाविना राहतो आणि मग दचकून, घोरून पुन्हा श्वास घेतो. रात्रभर हे चालले की झोप झाली तरी विश्रांती होत नाही. दिवसा पेंग येते, रक्तदाब आटोक्यात राहत नाही. सीपॅप मशीन नाकावाटे हवेचा सौम्य पण सततचा दाब देते, त्यामुळे घशाची वाट उघडी राहते. यात औषध नाही, केवळ हवा आहे. पण ती हवा बाहेर निसटू न देता नाकापर्यंत पोचवण्यासाठी मास्क हवा, आणि मास्क जागेवर राहण्यासाठी डोक्यामागून पट्टे हवेत. साऱ्या उपचाराचे घोडे अडते ते या पट्ट्यांपाशी.

ही अडचण मशीनइतकीच जुनी आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली हा उपचार प्रथम केला आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी गंभीर रुग्णांच्या गळ्याला भोक पाडून श्वासासाठी वाट करून द्यावी लागे. सुरुवातीच्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. मास्क तर रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन फायबरग्लासचा बनवत आणि रोज रात्री चेहऱ्याला चक्क चिकटवत! आज मशीन उशाशी मावते, आवाज जवळजवळ करत नाही. तरीही उपचार मध्येच सोडणारे थोडे नाहीत. रात्री किमान चार तास वापर हा निकष धरला, तर निरनिराळ्या पाहण्यांत ४६ ते ८३ टक्के रुग्ण त्यात कमी पडल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नमूद आहे. सगळ्यांचे कारण पट्टा नसते. नाक कोरडे पडणे, कोंडल्यासारखे वाटणे, घरच्यांची चेष्टा हीही कारणे असतात. पण पट्ट्याचे दुखणे आपल्याला आपल्या गावात दुरुस्त करता येते, म्हणून आज त्याच्याविषयीच लिहितो.

मी मावशींना तपासणीच्या टेबलावर उशी देऊन झोपवले, मशीन चालू केले आणि म्हटले, ‘‘घरी लावता तसं लावा.’’ त्यांनी मास्क लावला आणि दोन्ही हातांनी पट्टे असे ओढले, जसे गाठोडे बांधतात.

आता थोडा हिशेब करू. मावशींच्या मशीनचा दाब १२ सेंटीमीटर पाण्याइतका होता, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १२ ग्रॅम. त्यांचा मास्क फक्त नाकापुरता, आतले क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस सेंटीमीटर. म्हणजे आतली हवा मास्कला चेहऱ्यापासून फार तर ३०० ग्रॅमच्या जोराने दूर ढकलते. तेवढा जोर परतवून लावला आणि कुशीवर वळण्यासाठी थोडा जास्तीचा धरला की काम भागले. मी बाळांचे वजन करायचा टांगता काटा आणला, त्याचा आकडा मास्कच्या पुढच्या भागात अडकवला आणि मशीन बंद करून ओढून पाहिले. मास्क चेहऱ्यावरून जेमतेम सुटायला दोन किलोच्या वर ओढ लागली! नाकाच्या दांड्यावर कातडीखाली लगेच हाड आहे, चरबीची गादी नाही. तिथे रात्रभर असा भार पडला तर जखम होणारच. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होतात, त्याच जातीची ही जखम.

नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मोठ्या मास्कचे क्षेत्रफळ ७० चौरस सेंटीमीटरच्या घरात जाते. त्याच दाबाला तिथे आठशे ग्रॅमच्या पुढे जोर लागतो. म्हणून ज्यांना नाकाने नीट श्वास घेता येतो त्यांनी उगाच मोठा मास्क घेऊ नये. दुकानदार ‘‘हा जास्त चांगला’’ म्हणाला तरीही.

मावशी पट्टे का आवळत होत्या? हवा निसटून डोळ्यांत जाई म्हणून. आणि हवा का निसटे? पट्टे आवळले होते म्हणून! मास्कच्या कडेला सिलिकॉनची पातळ पाळ असते. ती हवेने फुगून चेहऱ्याला हलकेच चिकटते. जोरात आवळली की ती चुरगळते, तिला घड्या पडतात आणि घड्यांतून हवा निसटते. मग माणूस आणखी आवळतो. खरी रीत उलटी आहे. निजून, मशीन चालू ठेवून सगळे पट्टे सैल करावेत, मास्क किंचित उचलून पाळ फुगू द्यावी आणि मग दोन्ही बाजू सारख्या, थोड्या थोड्या ओढत, निसटणे थांबले की तिथेच हात थांबवावा. बसून मापात बसवलेला पट्टा निजल्यावर मापात राहत नाही, कारण गालांचा आकार बदलतो.

एवढे करूनही मावशींचा मास्क वर सरकत होता. कारण मानेमागे सापडले, त्यांचा बुचडा! पट्ट्यांची मागची जोड डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्याखाली, खोबणीत बसायला हवी. नेमक्या त्याच जागी बुचडा होता. त्यामुळे ती जोड वर टाळूकडे सरके, वरचे पट्टे नाकाचा दांडा दाबत आणि खालचे सैल पडत. शिवाय पट्ट्यावरच्या व्हेल्क्रोचे आकडे केसांत गुंतत. व्हेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली होती. ती बोंडे केसाळ अंगाला धरतात म्हणून तर सुचली. मग मावशींच्या केसांना का सोडतील? वर खोबरेल तेल. तेलाने पट्टा निसरडा होतो आणि त्यातला इलॅस्टिकचा जीवही लवकर जातो. हे पट्टे बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेल लावून बुचडा बांधणारी बाई नसावी.

मी मावशींना घेऊन आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांकडे गेलो. मास्तरांनी मशीनविषयी काहीच विचारले नाही. त्यांनी टेप काढला आणि मावशींच्या डोक्याचे माप घेतले.

पहिली टोपी बनियनच्या सुती होजिअरी कापडाची, पट्टे परकराच्या इलॅस्टिकचे. अंगाला मऊ, पण हवेचा दाब आला की इलॅस्टिक ताणले जाई आणि मास्क उचलला जाई. तीन रात्रींत ते लोंबू लागले. दुसऱ्या वेळी मास्तरांनी अजिबात न ताणणारी जाड सुती पट्टी लावली. मास्क घट्ट राहिला, पण मान वळवली की सगळेच वळे, आणि मागे आधार नसल्याने टोपी पुन्हा टाळूवर. मास्तर म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, डोकं म्हणजे काय सपाट कापड आहे? त्याला वाटी लागेल.’’

तिसऱ्या टोपीला मागे दोन चुण्या घेऊन उंचवट्याखाली बसणारी वाटी केली. वर टाळूवर मोठे भोक ठेवले, आणि मावशींनी बुचडा मानेऐवजी तिथे, उंच बांधायचा असे ठरले. बाजूचे पट्टे न ताणणारे, फक्त मागे दोन इंच इलॅस्टिक, म्हणजे मान वळली तरी ओढ एकदम वाढत नाही. मास्कचे मूळ पट्टे कापले नाहीत. ते टोपीवरच्या लुपांतून ओवले आणि व्हेल्क्रोचा आकड्यांचा भाग बाहेरच्या बाजूला वळवला. शिवणीही बाहेरून. ‘‘बाळाच्या झबल्याला घेतो तशी,’’ मास्तर म्हणाले. मागचा पट्टा चार बोटे रुंद ठेवला. हंडा डोक्यावर घेताना चुंबळ का करतात? वजन तेवढेच राहते, पण ते पसरते.

पुन्हा काटा लावला. ओढ सातशे ग्रॅम. हवा निसटत नव्हती. नाकावरच्या जखमेवर आठ दिवस जखमेसाठी मिळणारी जेलीसारखी पातळ चिकटपट्टी लावली. सोलापूरच्या डॉक्टरांना फोन करून सगळे सांगितले. ते हसले आणि टोपीचा फोटो मागितला.

हे वाचून कोणी लगेच शिंप्याकडे जाणार असेल तर आधी चार गोष्टी ऐका. मास्कच्या पुढे बारीक भोके असतात. आपण सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. त्यांवर कापड, टेप, पदर, काहीही येता कामा नये, नाहीतर सोडलेली हवाच पुन्हा आत घेतली जाईल. मास्क एका हाताने, अंधारात, क्षणात काढता आला पाहिजे. तोंडही झाकणारा मास्क असेल तर ही गोष्ट जिवावरची आहे, कारण उलटी झाली तर ती आतच राहते. ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही अशा रुग्णावर घरगुती टोपीचा प्रयोग करूच नये. काही मास्कच्या चिमट्यांत लोहचुंबक असतात. रुग्णाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल किंवा मेंदूत धातूची क्लिप बसवली असेल, तर असा मास्क वापरू नये, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावा. मास्कखाली व्हॅसलीन किंवा तेल चोपडू नका. त्याने मास्क सरकतो, सिलिकॉनही खराब होते, आणि सोबत ऑक्सिजन चालू असेल तर पेट घेण्याची भीती असते. पट्टे आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. कडक उन्हात इलॅस्टिक मरते. मास्कची सिलिकॉनची पाळ मात्र रोज सकाळी धुवावी. रात्रीचा चेहऱ्याचा तेलकटपणा राहिला तर दुसऱ्या रात्री हवा निसटते आणि हात पुन्हा पट्ट्याकडे जातो.

सकाळी उठल्यावर पट्ट्याचा वळ अर्ध्या तासात गेला तर काळजी नाही. दुपारपर्यंत राहिला, लाल झाला किंवा कातडी सोलली, तर पट्टा जास्त घट्ट आहे किंवा मास्कचे माप चुकले आहे. मधुमेह्यांनी अशी जखम अंगावर काढू नये.

मावशी दिवाळीनंतर आल्या त्या मशीन पिशवीत घालूनच. मी विचारायच्या आधी त्यांनी ते टेबलावर ठेवले, ‘‘बघा तुमचं मीटर.’’ रात्रीची सरासरी सहा तासांच्या किंचित वर होती. रक्तदाबाची एक गोळी निम्मी करता आली. मास्तरांनी शिलाई घेतली नव्हती. त्यांचा दुपारचा डबा आता खानावळीतून येतो, आणि मावशींनी धुवायला एक असावी म्हणून दुसरी टोपी टाकली आहे. तीही पांढरी नको, डाळिंबी रंगाची, असे त्यांनी बजावून सांगितले आहे.