खाज थांबते, बुरशी नाही

गजकर्णाचा चट्टा नीट पाहिला तर कड लालसर, उंचावलेली, खवल्यांची दिसते आणि मधला भाग बरा झाल्यासारखा. बुरशीचा मुक्काम तेव्हा कडेला असतो. मधून शरीराने तिला बरंचसं हुसकावलेलं असतं आणि ती बाहेरच्या कोऱ्या त्वचेकडे सरकत असते.

तिचं खाणं म्हणजे केराटिन. त्वचेचा वरचा मृत थर, केस आणि नखं या प्रथिनाची बनतात. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. तंतू पसरायचे, पाचकरस अंगाबाहेरच सोडायचे आणि विरघळलेलं शोषून घ्यायचं, ही तिची रीत. मग ती पावावरची असो की ओंडक्यावरची अळंबी. हरितद्रव्य नसल्याने ती स्वतःचं अन्न तयार करू शकत नाही. वंशावळीत तर ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे.

ही भाऊबंदकी आपल्याला महागात पडते. जिवाणूंच्या पेशी आपल्याहून फार निराळ्या, त्यामुळे त्यांना वेगळं गाठून मारणारी औषधं बरीच सापडली. बुरशीच्या पेशीत मात्र आपल्यासारखंच केंद्रक असतं. फरक मोजके. तिला कायटिनची भिंत असते (कोळंबीच्या कवचात असतं तेच कायटिन) आणि तिच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉलच्या जागी अर्गोस्टेरॉल असतं. बहुतेक औषधं या अर्गोस्टेरॉलवर नेम धरतात. पण दोन्ही रेणू इतके सारखे की नेम कधी कधी आपल्यालाही लागतो. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्याच आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक ज्या अँफोटेरिसिन-बीसाठी वणवण करत होते, ते मूत्रपिंडालाही इजा करू शकतं.

बहुतेक बुरशींना आपल्या शरीराची ऊब सोसत नाही, हे आपलं नशीब. गजकर्णाची बुरशीसुद्धा सहसा खोल शिरत नाही. खाज आणि लाली येते ती तिच्याशी झुंजणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे. आणि नेमकी हीच झुंज दुकानातून विचारून आणलेलं स्टेरॉइडचं मलम थंड करतं. दोन दिवसांत खाज जाते, माणूस खूश होतो, बुरशीला रान मोकळं मिळतं. मग चट्ट्याचा चेहरामोहराच बदलतो आणि डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे कोणत्याही नाक्यावर कळेल.

२०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेवरून मिळालेल्या एका बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफाइन हे गजकर्णावरचं हुकमी औषध, पण तिच्यावर ते अनेकदा चालत नाही. कारण हे औषध ज्या विकराला अडवतं, त्याच्या जनुकात बारीकसा बदल झालेला असतो. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही आढळली.

अशा रुग्णांना त्वचारोगतज्ज्ञ बहुधा इट्राकोनाझोल देतात, तेही बरेच आठवडे. शिवाय घरात आणखी कोणाला खाजतंय का, हेही विचारतात. असेल तर उपचार सगळ्यांचे एकदमच करावे लागतात. नाहीतर एकाच टॉवेलवरून बुरशी घरभर फिरत राहते.