पलंगाखालचा सव्वा घनमीटर

जहाजाचे मोठेपण वजनाच्या नव्हे, तर घनफळाच्या मापाने मोजण्याचा दस्तूर आज जगभर आहे. १९६९ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये जहाजाच्या कागदपत्रांत जे 'ग्रॉस टनेज' नोंदलेले असते, ते त्याच्या पोटातील सर्व बंदिस्त जागेचे घनफळ घेऊन एका ठरीव सूत्राने काढलेले असते. आणि बंदरोबंदरीच्या पट्ट्या पुष्कळ अंशी याच आकड्यावर आकारल्या जात असल्यामुळे जहाजाच्या मालकाला प्रत्येक घनमीटराचा हिशेब द्यावा लागतो व प्रत्येक घनमीटराकडून उत्पन्नही घ्यावे लागते. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतील मायामी बंदरातून पहिल्या सफरीवर निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या प्रचंड जहाजाचे हे माप २,४८,६६३ आहे. सूत्र उलट फिरवले असता त्याच्या आत सुमारे ७ लाख ८० हजार घनमीटर बंदिस्त जागा असल्याचे निघते. उतारूंच्या केबिनी आहेत २,८०५. सरळ भागाकार केला तर दर केबिनीच्या वाट्याला पावणेतीनशे घनमीटरांहून अधिक जागा यावी. परंतु यंत्रशाळा, मुदपाकखाने, नाट्यगृहे, भोजनदालने, जिने आणि नोकरवर्गाची वसती यांनी आपापला हिस्सा घेतल्यावर अशा जहाजांवरील साध्या केबिनीस पंधरा ते वीस चौरस मीटर जमीन आणि चाळीसएक घनमीटर पोकळी एवढेच उरते. त्यातच दोन माणसे, त्यांचा पलंग, त्यांचे स्नानगृह आणि आठवडाभराच्या सफरीचा सारा सरंजाम नांदायचा असतो. हे सामान कोठे आणि कसे ठेवावे हा प्रश्न घरगुती दिसतो खरा, पण त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे नौकारचनाशास्त्राच्या अगदी मध्यवर्ती तत्त्वांपाशी जाऊन पोचावे लागते, आणि म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो.

केबिनीतील सर्वांत मोठे कोठार कपाट नव्हे, तर पलंगाखालची मोकळी जागा होय. पलंग २ मीटर लांब व १.८ मीटर रुंद, आणि त्याच्याखाली ३५ सेंटिमीटर उंचीची पोकळी धरली, तर सव्वा घनमीटर जागा हाती येते. ७५ सेंटिमीटर लांब, ५० रुंद व ३० जाड अशी मोठी सूटकेस सुमारे ११२ लिटरांची, म्हणजे घनमीटराच्या नवव्या हिश्शाएवढी असते. पलंगाचे पाय व मधले आधार वजा घालूनही अशा चार सूटकेसा तेथे सुखाने राहतात. एकीत दुसरी रिकामी सूटकेस घालून ठेवल्यास आणखी जागा वाचते. मात्र जाडीची बाब सक्त आहे. चाके, मूठ आणि फुगलेला बाहेरचा कप्पा मिळून सूटकेसची जाडी ३५ सेंटिमीटरांपलीकडे गेली, तर ती पलंगाखाली जाणार नाही, आणि मग सबंध सफरभर ती येण्याजाण्याच्या वाटेत उभी राहील. घरून निघण्यापूर्वी भरलेली सूटकेस आडवी ठेवून टेपने मोजावी, हा सल्ला मी आग्रहाने देईन.

पलंगाखालची ही उंची आजकाल कोणी नव्याने शोधून काढलेली नाही. वाफेच्या बोटींच्या काळी 'केबिन ट्रंक' नावाची एक बसकी पेटी बाजारात मिळत असे. तिची उंची चौदा इंचांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ याच ३५ सेंटिमीटरांची असे, आणि ती झोपण्याच्या फळीखाली सरकावी हेच तिच्या बसकेपणाचे प्रयोजन होते. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून विलायतेस जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर सामानाचे तीन वर्ग पाडले जात: केबिनीत न्यायचे, प्रवासात लागेल म्हणून सामानाच्या कोठीत ठेवायचे, आणि मुक्कामी पोचेपर्यंत लागणार नाही म्हणून थेट तळाच्या वखारीत रवाना करायचे. प्रत्येक नगावर त्याप्रमाणे चिठ्ठी चिकटवलेली असे. कोठी नेमलेल्या दिवशी व नेमलेल्या वेळी उघडली जाई. तांबड्या समुद्रातील उकाडा मागे टाकून भूमध्य समुद्रात शिरणाऱ्या उतारूने सुती कपडे आत टाकून लोकरीचे बाहेर काढावेत ते तेव्हाच. २९ ऑगस्ट १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीने मुंबईहून निघालेले गांधीजी आपल्या सहकाऱ्यांच्या ट्रंकांचा व सूटकेसांचा ढीग पाहून व्यथित झाले आणि त्यांनी जादा सामान एडनहून परत पाठवायला लावले. त्यांची दृष्टी अपरिग्रहाची होती. पण नौकारचनाकाराला त्यांचा हुकूम त्याच्या स्वतःच्या कारणांसाठीही मान्य झाला असता.

कारण बोट हलते. बाजूंवर झुलण्याचा जहाजाचा आवर्तकाल त्याच्या रुंदीच्या सम प्रमाणात आणि 'मेटासेंट्रिक उंची' नावाच्या स्थैर्याच्या मापाच्या वर्गमूळाशी व्यस्त प्रमाणात असतो. रुंदी ३६ मीटर आणि ही उंची अडीच मीटर असेल, तर एक पूर्ण झोका सुमारे अठरा सेकंदांत पुरा होतो. उंची वाढवली की जहाज अधिक स्थिर होते खरे, पण त्याचे झोके जलद आणि झटक्याचे होतात, माणसे आजारी पडतात आणि कपाटे उघडतात. यास्तव रचनाकार सुरक्षिततेला बाध न आणता हे माप मध्यम ठेवतो. आता असे जहाज दोन्ही बाजूंस ५ अंश कलंडत आहे असे समजा. झुलण्याच्या अक्षापासून वीस मीटर वर असलेल्या केबिनीतील सामानाला नुसता ५ अंशांचा उतार जाणवत नाही. झोक्याच्या टोकाशी निर्माण होणारा आडवा त्वरणाचा जोर त्यात मिळून परिणामी उतार ६ अंशांच्या वर जातो. याच कारणाने एकाच वादळात तळमजल्यावरील उतारू निश्चिंत झोपलेला असतो आणि वरच्या मजल्यावरील उतारूचे प्याले घसरत असतात.

या उतारावर सूटकेस काय करील, हे तिच्या ठेवण्यावर अवलंबून आहे. उताराच्या कोनाची स्पर्शज्या घर्षणांकाहून मोठी झाली की वस्तू घसरू लागते, हा शाळेतला नियम येथे शब्दशः लागू पडतो. जाजमावर आडव्या पडलेल्या सूटकेसचा घर्षणांक ०.४ धरला, तर ती हलण्यासाठी सुमारे २२ अंशांचा उतार लागेल. तीच सूटकेस चार चाकांवर उभी केली, तर गुळगुळीत जमिनीवर एकदोन अंशांतच ती धावू लागते, जाजमावर थोडी उशिरा; आणि चाके अडवून धरली तरी ३० सेंटिमीटर जाडीवर ७५ सेंटिमीटर उंच उभी असलेली ही वस्तू २२ अंशांच्या सुमारास कोलमडते, जड वस्तू वरच्या अर्ध्या भागात भरल्या असतील तर त्याच्या पुष्कळ आधी. आडव्या सूटकेसला कोलमडायला साठेक अंश लागतील, म्हणजे ती भीती उरतच नाही. पलंगाखाली पोटावर आडवी पडलेली सूटकेस ही केबिनीतील सर्वांत स्थिर वस्तू ठरते ती या गणितामुळे. जड जिन्नस खाली, हलके वर, आणि काचेच्या बाटल्या उंच फळीवर कदापि नाहीत, हा नियमही त्यातूनच निघतो.

आजची मोठी जहाजे सहसा काही अंशांपलीकडे कलत नाहीत, याचे बरेचसे श्रेय पाण्याखाली दोन्ही कुशींतून बाहेर पडणाऱ्या पंखांना आहे. स्कॉटलंडमधील डेनी आणि ब्राउन या कारखान्यांनी बनवलेले असे पंख १९३६ साली 'आयल ऑफ सार्क' या लहान बोटीवर बसवले गेले, आणि १९५० साली पी. अँड ओ.ची 'चुसान' ही असे पंख लावलेली पहिली मोठी उतारू-बोट ठरली. पंखांची शक्ती जहाजाच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून जहाज मंदावले किंवा खुल्या समुद्रात नांगरून उभे राहिले, की ते जवळजवळ निरुपयोगी होतात, आणि बंदराबाहेर खोळंबलेल्या जहाजातील टेबलावरच्या वस्तू तेव्हाच पडू लागतात.

झोक्यांइतकेच भय आगीचे; केबिनीच्या भिंती पोलादी का, याची कथा मात्र दुःखाची आहे. ८ सप्टेंबर १९३४ च्या पहाटे हवानाहून न्यूयॉर्ककडे येणाऱ्या 'मॉरो कॅसल' बोटीच्या लेखनकक्षातील एका कपाटात आग लागली; सुंदर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यामागील पोकळी यांतून ती काही वेळातच सर्वत्र पसरली, आणि १३७ माणसे प्राणास मुकली. मायामीहून नासाऊला निघालेल्या 'यार्माउथ कॅसल'वर तर १३ नोव्हेंबर १९६५ रोजी आग सुरू झाली ती ६१० क्रमांकाच्या केबिनीत. ती केबिन उतारूंसाठी न वापरता तेथे गाद्या व इतर अडगळ रचून ठेवली होती. त्या आगीत ९० जण गेले. दोन्ही ठिकाणी प्रारंभ सामान साठवण्याच्या जागेतच झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे केबिनीत काय आणि किती ठेवावे याबद्दलचे नियम कोणाच्या लहरीने केलेले नाहीत, हे मनावर ठसते. 'टायटॅनिक'च्या जलसमाधीनंतर १९१४ साली जन्मलेला समुद्रावरील जीवितरक्षणाचा करार या आगींनंतर उत्तरोत्तर कडक होत गेला, आणि नव्या उतारू-जहाजांच्या भिंती व छते अज्वलनशील द्रव्यांचीच असावीत हा दंडक कायम झाला.

त्यामुळे आजची केबिन म्हणजे पोलादाच्या पातळ पत्र्यांमध्ये खनिज लोकर भरून केलेल्या तक्त्यांची पेटी असते. फिनलंडमध्ये तुर्कू बंदराजवळ पीक्किओ येथे अशा केबिनी कारखान्यातच स्नानगृह, दिवे व कपाटांसह तयार होतात आणि अर्धवट बांधलेल्या जहाजाच्या कुशीतून आत सरकवल्या जातात. भिंत पोलादी, म्हणून चुंबकी आकडे तिला चिकटतात, आणि टोप्या, ओळखपत्रे, ओले पोहण्याचे कपडे टांगण्याची उत्तम सोय होते. पण आकड्यावर छापलेल्या वजनावर विसंबू नये. ते वजन चुंबकाला जाड पोलादापासून सरळ ओढून काढण्याचे असते. पातळ पत्रा चुंबकाचे सारे बल पोटात घेऊ शकत नाही. शिवाय उभ्या भिंतीवर चुंबकाला खाली घसरण्यापासून फक्त घर्षण रोखते, आणि घर्षणांक ०.२ असला तर १० किलोचा आकडा भिंतीवर २ किलोही जेमतेम पेलतो. छत पोलादी असेल तर तोच आकडा तेथे अधिक भार घेतो, कारण तेथे ओढ सरळ असते. मात्र छतातील पाण्याच्या फवाऱ्याच्या तोटीला काहीही अडकवू नये. तिच्यातील काचेची कुपी उष्णतेने फुटावी म्हणून बसवलेली असते, आणि कपड्याच्या खुंटाळ्याच्या धक्क्यानेही ती फुटू शकते.

आगीच्याच भयाने इस्त्री, मेणबत्त्या आणि विजेच्या लाटेपासून बचाव करणाऱ्या जोडपट्ट्या धक्क्यावरच काढून घेतल्या जातात. जहाजावरील वीजपुरवठा पुष्कळदा जहाजाच्या धातूपासून अलग ठेवलेला असतो आणि दोन्ही तारा जिवंत असतात. जमिनीवरच्या घरासाठी केलेली अशी पट्टी तेथे तापून पेटण्याचा संभव असतो, असा इशारा अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ साली दिला. सज्जात कपडे वाळत घालण्याची मनाईही अशीच सकारण आहे: २००६ च्या मार्चमध्ये 'स्टार प्रिन्सेस' जहाजावर आग सज्जांतून सज्जांत पसरली, एक उतारू धुराने गेला, आणि त्यानंतर सज्जातील सामानसुमानासाठीही नियम झाले. ओले कपडे स्नानगृहातील दोरीवर घालावेत. तेथील हवा यंत्राने सतत बाहेर खेचली जाते, म्हणून ते खोलीपेक्षा तेथेच लवकर वाळतात.

२०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारे 'एम्प्रेस' जहाज १९९० साली फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधले गेले. त्या पिढीच्या केबिनी आजच्या मानाने लहान असतात, तेव्हा मराठी उतारूने सामान आवरतानाच त्याचा विचार करावा हे बरे. चढण्याच्या दिवशी मोठ्या सूटकेसा धक्क्यावर तपासून, केबिनीच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून, पिंजऱ्यांत भरून आत नेल्या जातात, आणि दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होऊ शकते. औषधे, पासपोर्ट आणि एक बदलीचा जोड हातातल्या पिशवीतच हवा. बहुतेक मोठ्या जहाजांवर सफरीच्या शेवटच्या रात्री हाच क्रम उलटा चालतो. पलंगाखालून काढलेल्या सूटकेसा भरून दाराबाहेर ठेवाव्या लागतात, रात्रीतच त्या खालच्या मजल्यावर जातात, आणि उतरल्यानंतर धक्क्यावरील दालनातच पुन्हा हाती येतात. म्हणून सकाळचे कपडे आणि पायातले जोडे त्या रात्री सूटकेसमध्ये भरू नयेत.