हुशार आहे, मग लातूरला टाका!

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, कुठेही जा. पाचवीतलं पोर स्कॉलरशिपला चमकलं, तोंडी गणितं भराभर सोडवायला लागलं की ओट्यावर बसलेले मामा किंवा शेजारचे गुरुजी ठरलेला सल्ला देतात : ‘हुशार आहे, नवोदयला बसवा. नाहीच लागला नंबर, तर दहावीनंतर लातूरला टाका.’

टाका. शाळेत घालणं, वसतिगृहात ठेवणं, क्लास लावणं, या सगळ्याला मराठवाड्यात हे एकच क्रियापद पुरतं. आणि देवळाच्या पायरीवर किंवा दवाखान्याच्या आवारात सापडलेल्या बाळाला काय म्हणतात? टाकलेलं मूल. एरवी ही दोन ‘टाकणी’ एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत. दत्तक आलेलं मूल हुशार निघालं, तर मात्र त्याच्या कानात ती एकमेकांवर आदळू शकतात. दुसरीतिसरीत असतानाच नळावरच्या रांगेत कुणीतरी त्याला पहिला अर्थ ऐकवलेला असतो. दहाव्या वर्षी घरचेच प्रेमाने, अभिमानाने दुसरा अर्थ ऐकवतात.

आता गंमत अशी की, दुसऱ्याच्या घरात वाढलेल्या लेकरांवर परभणी जिल्ह्याची अपार श्रद्धा आहे. गोदाकाठचं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. परंपरा सांगते ती हकिकत थोडक्यात अशी : दमा आणि करुंड या जोडप्याची ही मुलगी. आई गेली, बापाने लेक पंढरपूरला नेली आणि दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवली. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. या घराण्याचं मूळ गाव म्हणून सांगितलं जाणारं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत तेही परभणीतच होतं. म्हणजे जनी परक्या मुलखात गेली खरी, पण गेली ती बोलीने आणि भक्तीने ओळखीच्या घरात.

ते दत्तक नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. जनीच्या वाट्याला जातं, शेणी आणि झाडलोट आली, आणि आयुष्यभर तिने स्वतःची ओळख नामयाची दासी अशीच सांगितली. त्या घराने तिला लेकीचा हक्क दिला नाही. दिलं ते वेगळंच काहीतरी. दिवसरात्र कीर्तन चालणाऱ्या घरात ऐकायला मिळालं, रचायला मिळालं, आणि रचलेलं ऐकणारं माणूस मिळालं. तिच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. ते उतरवून घ्यायला साक्षात विठ्ठल बसे, असं वारकरी मानतात. श्रद्धा बाजूला ठेवून पाहिलं तरी या कथेत व्यवहाराची एक गोष्ट दिसते. जात्यावर बसलेल्या पोरीच्या ओठी काहीतरी वेगळं आहे, हे ओळखून ते टिपून ठेवणारं कुणीतरी लागतं. सातशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही ते इतकं अवघड वाटलं, की त्यांनी ते काम थेट देवाकडे सोपवलं.

दुसरी गोष्ट पाथरीची. साईबाबा पाथरीत जन्मले, एका फकिराने त्यांना सांभाळलं आणि पुढे सेलूच्या व्यंकुशांकडे ते राहिले, असं मानणारा मोठा भक्तवर्ग आहे. स्वतः बाबांनी आपलं कुळ, गाव कधी नीट सांगितलं नाही. तरी जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली आणि जन्मस्थळाच्या वादावरून १९ जानेवारीला शिर्डीत बंद पाळला गेला. ज्याने ‘मी कुठला’ हे सांगायचंच टाळलं, त्याच्या जन्मस्थळावरून शंभर वर्षांनी दोन गावं भांडली. तिथे एखाद्या दत्तक पोरीच्या वर्गमैत्रिणीने ‘तू मूळची कुठली गं?’ असं विचारलं, तर त्या मैत्रिणीला काय बोलणार?

मूळ विचारण्याची ही खोड हुशारीपाशी जास्तच तीव्र होते. पोर नापास झालं तर ‘शेवटी रक्त कुणाचं’. पोर पहिलं आलं तरी तोच प्रश्न, फक्त सूर कौतुकाचा : ‘आईबाप कुणीतरी शिकलेले असणार.’ म्हणजे सांभाळणाऱ्या घराच्या पदरात अपयशातही काही नाही आणि यशातही नाही. आणि मुलाच्या पदरात? तिथेही नाहीच.

या रक्ताच्या वादावर जगात बरंच मोजमाप झालेलं आहे. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या वेळी तरुणांची बुद्धिमत्ता चाचणी होत असे. त्या नोंदींतून संशोधकांनी सख्ख्या भावांचे ४३६ संच शोधले, ज्यांत एक भाऊ जन्मघरी वाढला होता आणि दुसरा दत्तक गेला होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दत्तक गेलेल्या भावांचा बुद्ध्यंक सरासरी ४.४ गुणांनी जास्त निघाला, आणि दत्तक घेणारे पालक जितके अधिक शिकलेले तितका हा फरक मोठा होता. रक्ताचा वाटा यातून शून्य ठरत नाही. पण घराचा वाटा किती, ते आकड्यात दिसतं.

परभणीतल्या पालकांना याहून उपयोगी पडेल असा दुसरा अभ्यास नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांचा आहे. २००५ साली त्यांनी ६२ अभ्यासांमधल्या सुमारे १७,७०० दत्तक मुलांची माहिती एकत्र केली. बुद्ध्यंकात ही मुलं नव्या घरातल्या भावंडांच्या आणि मित्रांच्या बरोबरीची होती. शाळेतल्या गुणांत आणि भाषेत मात्र ती थोडी मागे होती. डोकं पोचलेलं, प्रगतिपुस्तक मागे राहिलेलं. संस्थेत काढलेली पहिली वर्षं, उशिरा आलेली भाषा, मनाच्या तळाशी बसलेली धास्ती, अशा अनेक गोष्टी या अंतरामागे असू शकतात. वर्गशिक्षकांच्या टेबलावर यांतलं काहीच नसतं. तिथे फक्त गुणपत्रक असतं, आणि त्यावरून मूल ‘मध्यम’ ठरतं.

परीक्षेतून हुशारी निसटते, हे तर हुशारी मोजणाऱ्यांच्याच बाबतीत घडलं आहे. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९२१ पासून हजारावर बुद्धिमान मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्यांच्या चाळणीतून गळलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ हे दोघे होते. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. टर्मन यांच्या निवडलेल्या मुलांपैकी एकालाही ते मिळालं नाही.

म्हणून दत्तक मुलाच्या पालकाला शाळेत वकिली करावी लागते, आणि त्या वकिलीला कागद लागतात. नात्यातलं दत्तक, म्हणजे भावाचा मुलगा मांडीवर घेऊन दत्तकपत्र करणं, आपल्याकडे जुनं आहे. त्याला १९५६ चा हिंदू दत्तक कायदा लागू होतो. संस्थेतलं मूल मात्र बाल न्याय कायद्याने येतं : केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी, समाजसेवकाची गृहभेट, प्रतीक्षा, मग मुलाची भेट. पूर्वी शेवटचा आदेश न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर नवा जन्मदाखला निघतो आणि त्यावर आईवडील म्हणून नव्या पालकांचीच नावं असतात. मोठ्या वयाचं मूल असेल तर दाखल्यावरची जन्मतारीख कधीकधी डॉक्टरांनी दात आणि हाडं पाहून काढलेला अंदाज असते.

या तारखेकडे जरा थांबून पाहायला हवं. शिक्षणहक्क कायदा मुलाला वयानुसार वर्ग देतो आणि मागे राहिलेल्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही देतो. सातव्या वर्षी आलेली मुलगी थेट दुसरीत बसते. तिला आकडेमोड वर्गात सगळ्यांच्या आधी जमते, पण शाब्दिक उदाहरणातलं ‘शेकडा’ आणि ‘डझन’ अडतं, कारण ते शब्द तिच्या कानावरच पडलेले नसतात. अशा वेळी पालकाने मुख्याध्यापकांकडे ‘हिला वरच्या वर्गात घ्या’ म्हणून हट्ट धरण्यापेक्षा, हिचं गणित आणि हिची भाषा वेगवेगळी तपासा, एवढं मागितलं तरी पुष्कळ. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणासाठीच सुरू केली. बुद्धीचे अनेक पैलू वेगवेगळे मोजण्याचं काम तिथे अनेक वर्षं झालेलं आहे. प्रबोधिनीचं एक केंद्र शेजारच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला आहे. परभणीकराला त्यासाठी पुण्याची गाडी पकडायलाच हवी असं नाही.

शाळेतला आणखी एक खड्डा दहावीत येतो. विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. शिक्षक उत्साहाने सांगतात, घरच्यांचे रक्तगट लिहून आणा, कानाची पाळी कुणासारखी ते पाहा. जिज्ञासू मुलगा हा गृहपाठ मन लावून करणार आणि एका रात्रीत नको तिथे पोचणार. ज्या घरात दत्तकाची गोष्ट लहानपणापासून मोकळेपणाने बोलली गेली, तिथे धडा नुसता धडाच राहतो. जिथे ती लपवली गेली, तिथे हुशार मूलच ती आधी हुडकतं. बुद्धी तेज असली की रहस्यं फार काळ टिकत नाहीत, हे ‘मोठा झाल्यावर सांगू’ म्हणणाऱ्या पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

परभणी हे कृषी विद्यापीठाचं गाव. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या गावात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव वेगळं सांगायला नको. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं, तेव्हापासून मराठी घरांत भुईमूग आणि कार्व्हर ही जोडी पक्की आहे. पण कार्व्हर हा सांभाळलेला मुलगा होता, ही बाजू भुईमुगाखाली झाकली जाते. गुलाम आईला दरोडेखोरांनी पळवलं. तान्हं पोर तेवढं परत मिळालं, तेही एका घोड्याच्या बदल्यात. मोझेस आणि सुझन कार्व्हर या गोऱ्या जोडप्याने त्याला वाढवलं आणि सुझनने अक्षरं शिकवली. गावच्या शाळेत काळ्या मुलाला जागा नव्हती, तेव्हा तो निओशोला गेला आणि मराया वॉटकिन्स यांच्या घरी राहिला. तो स्वतःचं नाव ‘कार्व्हरांचा जॉर्ज’ असं सांगे. मरायाबाईंनी ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं : तू जॉर्ज कार्व्हर. एका षष्ठी प्रत्ययाचा फरक, पण मालकीतून तो मुलगा त्या दिवशी सुटला. गंगाखेडच्या जनीला ‘नामयाची’ हा प्रत्यय शेवटपर्यंत सोडवता आला नाही. कदाचित तिला तो सोडवायचाही नसेल. पुढे सिम्पसन कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या एट्टा बड यांनी त्याची रोपांची चित्रं पाहिली आणि आपले वडील फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते त्या आयोवाच्या कृषी महाविद्यालयाकडे त्याला वळवलं. वकिली म्हणतात ती अशी.

स्टीव्ह जॉब्ज यांची गोष्टही इथे आणायला हरकत नाही, कारण ती थेट याच विषयाची आहे. जन्मदात्रीची अट होती की मूल पदवीधरांकडेच जावं. ते गेलं पॉल आणि क्लारा जॉब्ज यांच्याकडे, आणि पॉल तर शाळाही पुरी न केलेले कारागीर. कॉलेजला पाठवू, असं वचन त्यांना द्यावं लागलं. सहासात वर्षांचा असताना शेजारच्या मुलीने त्याला विचारलं, म्हणजे तुझ्या खऱ्या आईबापांना तू नको होतास? तो रडत घरात आला. दोघांनी त्याला समोर बसवून सावकाश, शब्द मोजून सांगितलं की आम्ही तुला मुद्दाम निवडलं. वर्गातल्या खोड्यांबद्दल तक्रार आली, तेव्हा वडिलांनी शिक्षकांनाच सुनावलं की त्याला गुंतवून ठेवता येत नसेल तर दोष त्याचा नाही. चौथीच्या शेवटी चाचणीत तो दहावीच्या पातळीचा निघाला. शाळा म्हणाली, दोन वर्गांची उडी मारू द्या. आईवडिलांनी एकच मान्य केली. पुढच्या शाळेत मुलं त्याला छळू लागली, तेव्हा या बेताच्या कमाईच्या माणसांनी पैसे गोळा करून चांगल्या शाळेच्या हद्दीत घरच घेतलं. मुलाला पाठवलं नाही, बिऱ्हाड हलवलं.

बिऱ्हाड हलवणं मराठवाड्याला नवं नाही. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ गाजू लागला, तेव्हापासून लेकरासोबत लातूरला खोली करून राहणाऱ्या आया पुष्कळ आहेत. ज्यांना ते परवडत नाही किंवा शेत सोडता येत नाही, त्यांना वसतिगृह किंवा नवोदय हाच रस्ता. नवोदय ही वाईट वाट नव्हे. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्याच अमरावतीत सुरू झालं. शिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव. पण प्रवेश सहावीत, म्हणजे मूल असतं दहा-अकरा वर्षांचं. पोटच्या पोरालाही त्या वयात घर सुटताना रडू येतं. सातव्या वर्षी घरी आलेल्या मुलीला मात्र घर लाभून जेमतेम चार वर्षं झालेली असतात, आणि तिला लोखंडी खाटांची रांग ओळखीची असते. परीक्षेतले बौद्धिक क्षमतेचे चाळीस प्रश्न ती सहज सोडवेल. घरच्यांनी मला परत का पाठवलं, हा एक्केचाळिसावा तिच्या उत्तरपत्रिकेत नसतो. तेव्हा फॉर्म भरण्याआधी तिला विचारावं, नववीला रिकाम्या जागांवर पुन्हा प्रवेश परीक्षा होते तिची वाट पाहावी. आणि पाठवायचंच ठरलं तर निदान ‘टाकलं’ म्हणू नये.

अठरा वर्षं पूर्ण झाली की दत्तक मुलाला स्वतःच्या अर्जावर आपल्या मुळाचा शोध घेता येतो. त्याआधी तोच अर्ज पालकांसोबत करावा लागतो. जन्मदात्यांची संमती नसेल तर त्यांची नावं मिळत नाहीत, पण मूल कुठल्या गावी, कुठल्या परिस्थितीत मिळालं, हे कळू शकतं. बारावी आणि नीट साधारण त्याच वर्षी येतात. लातूरच्या त्या भाड्याच्या खोलीत, टेबलावर तेव्हा दोन अर्ज शेजारी शेजारी असू शकतात. आईला विचारून दोन्हींवर एकाच पेनने सही करणारी मुलगी आधी कोणता भरते, हे तिचं तिने ठरवायचं.